पुडीचा कागद

वडशाच्या अलीकडे आमचं गाव.
मंडईच्या हंगामात ओसरीवर
चार-चार ऑर्गन पोट उघडून पडलेले असतात.
आबाजींचं नाव कवडू, पण लोक पेटीमेस्त्रीच म्हणतात.
नाटक रात्री दहाला,
आणि दिवेलागणीला कुणाचा तरी मध्यम मुका.

सागाच्या संदुकीत जर्मन सूर,
पितळेचे, करंगळीएवढे, ज्याची त्याची पुडी.
काही पणज्याने कामठीहून आणलेले,
छोट्या गाडीने, मांडीवर धरून,
काही बुडालेल्या नाटक कंपनीच्या सामानातले.
कागद मात्र कुणी बदलले नाहीत.
"ज्याचा कागद त्याले," आबाजी म्हणतात,
"सुराले वळखीची हवा लागते."

मी नर्सिंग केलं. नागपूरला जर्मन शिकते.
ताप कधीपासून, दुखतं कुठे,
इथे सही करा, एवढं येतं.
या दिवाळीत पहिल्यांदा पुडी वाचली.

संगीताचं मासिक होतं ते.
नाव अर्धंच उरलंय,
बाकीचं सुराच्या कोपऱ्याने कातरलं.

षड्जाच्या पुडीवर वर्ष चौथं.
संपादक वर्गणी मागतोय,
म्हणतो, शहरात वाजवणारे फार, ऐकणारे थोडे.
अक्षरं बाभळीच्या फांदीसारखी काटेरी,
एक ओळ लागेपर्यंत चहावर साय.

कोमल रिषभात भांडण:
नव्या चालीच्या संगीताला संगीत म्हणावं का?
तीन अंक चाललेलं, आमच्याकडे मधलाच.
"आपल्या इथं बी झालं थे,
सिंथेसायझर आला तवा."

पंचमावर किंमत छापलेली नाही,
शिक्का मारलाय, त्यावर दुसरा शिक्का.
शून्यं मोजताना मी दोनदा चुकले.
आबाजी खुदकन हसले,
"एवढ्यात त अख्खी कंपनी येते, नटीसकट!"

धैवतावर संपादक दुसराच.
पहिल्याबद्दल चकार शब्द नाही,
निवृत्त नाही, आजारी नाही, कैलासवासी नाही.
त्याचं नाव मी सगळ्या पुड्यांत शोधलं.
सापडलं ते छोट्या जाहिरातींत:
पियानो विकणे आहे. उत्तम स्थितीत.
घर सोडायचे असल्याने त्वरित.

आबाजी बराच वेळ पितळ पुसत राहिले.
मग म्हणाले, "कोनं घेतला मंग?"
ते लिहिलेलं नव्हतं.

निषादाचा अंक चार पानी,
कागद असा की पाठची ओळ पुढे येते.
कागदाअभावी परीक्षणे स्थगित.
खाली बारीक टाइपात
कुठल्याशा देवळाच्या ऑर्गनचे नळे
वितळवायला नेल्याची बातमी, वजनासकट.
"वजन?" आबाजींनी चष्मा काढला.
"सुराचं वजन लिवते का कोनी?"

एक पुडी उरली होती, दुहेरी दोऱ्याची.
कडेने एवढंच दिसत होतं: आमच्या वाचकांस.
निरोप असेल. किंवा पुन्हा सुरू केल्याचं निवेदन.
दोन्हींची सुरुवात सारखीच असते.
मी दोऱ्याला नख लावलं.
"नोको सोडू थे. थो अजून कोनी वाजवला नाही."

तेवढ्यात कुरूडची मोटारसायकल आली,
मध्यम मुका झालेला, पडदा तासाभरात.
आबाजींनी तीच पुडी खिशात टाकली,
मफलर गुंडाळला, आणि मागे बसून गेले.

सकाळी परतले, डोळे लाल, तोंडात खर्रा.
सूर बसला म्हणाले, पहाटे चारपर्यंत वाजला,
दुसऱ्या अंकात तर बायका रडल्या.

आणि कागद?

"प्रॉम्प्टरनं घेतला ना.
कोरी बाजू होती जरासी एक,
थ्यावर त्यानं मंडळींची हजेरी लिवली."